टॉवेलाखालचे आठ रवे

मगदूमांच्या माडीवर नवी भाडेकरू आली त्या दिवशी राजमतीनं तिला जिन्यातच गाठलं आणि विचारलं, तुम्ही शिकवता म्हणजे नेमकं काय शिकवता. पुण्याहून आलेल्या कालिंदी गुळवणीच्या एका हातात ट्रंक होती, दुसऱ्या हातात स्टोव्ह होता. तरी तिनं थांबून नीट उत्तर दिलं, की सामग्री व्यवस्थापन. राजमतीची आई अक्काताई खालून ऐकत होती. ती कौतुकानं म्हणाली, बरं झालं बाई, पूजेची सामग्री, देवापुढं अष्टद्रव्य कसं मांडायचं ते आजकालच्या पोरांना ठाऊकच नसतंय.

राजमती इतकी हसली की तिला कठडा धरावा लागला. कालिंदीताईला मात्र हसावं की समजावून सांगावं ते कळेना. तिनं स्टोव्ह पायरीवर ठेवला आणि समजावून सांगितलं. माल कुठनं निघतो, कुणाकुणाच्या हातातनं जातो, कुणी किती साठवायचा, कुणी कधी मागवायचा, ही सगळी एक साखळी असते, आणि ती साखळी कशी सांभाळायची ते ती व्यवस्थापनाच्या पदविका वर्गाला शिकवणार होती. अक्काताईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे आमचे मालक करत्यात तेच की.

मालक म्हणजे राजमतीचे वडील तात्यासो मगदूम, शाहूपुरीतल्या गूळबाजारातले अडत्ये. शेतकऱ्याचा गूळ त्यांच्या अडतीवर उतरायचा आणि तिथनं घाऊक व्यापाऱ्याकडं जायचा. हे सगळं शिकवायला पुण्याहून कुणीतरी पगार घेऊन यावं, आणि आडनाव वर गुळवणी असावं, याची तात्यांना फार गंमत वाटली. आठवडाभर ते अडतीवर येईल त्याला सांगत होते.

साल होतं एकोणऐंशी. राजमती नववीत होती. दिवाळीपर्यंत वर्गात नाव पुकारलं तरी तिच्या तोंडातनं आवाज फुटत नव्हता. मग जानेवारीत वक्तृत्व स्पर्धेत बाईंनी तिला आजारी मुलीच्या जागी बळंच उभी केली, ती पहिली आली, आणि तेव्हापासून जे तोंड उघडलं ते मिटायचं नावच घेईना. शाळेत, गल्लीत, नळावर, जिथं मत विचारलेलं नाही तिथं राजमतीचं मत हजर. कालिंदीताईला ती फार आवडली. फक्त ही मुलगी "मी येतो", "मी जातो" असं का बोलते, हे तिला महिनाभर उमगलं नाही. कोल्हापुरात सगळ्या बायका असंच बोलतात हे कळल्यावर तिनं नाद सोडला.

फेब्रुवारीत कालिंदीताईचा चेहरा उतरला. तिची नेमणूक तात्पुरती होती. मार्चमध्ये एका रविवारी तिघांची समिती तिच्या वर्गात येऊन बसणार होती. शिकवणं पटलं तर नोकरी पुढं चालू, नाही पटलं तर हा विषयच बंद आणि कालिंदीताई परत पुण्याला. तिथं तिच्या थोरल्या भावानं तिच्यासाठी एक स्थळ आणि एक शिवणयंत्र, दोन्ही बघून ठेवलेलं होतं. पैकी कशाचा तिला जास्त राग होता ते तिनं राजमतीला सांगितलं नाही.

"पण माझ्याकडे एक खेळ आहे," ती म्हणाली. मुंबईच्या शिबिरात ती तो शिकली होती. तिथं खेळात साबणाची खोकी होती. राजमतीनं सुचवलं, साबण कशाला, इथं गूळ घ्या, रवे घ्या. कालिंदीताई म्हणाली, उपम्याचा रवा कशाला? मग राजमतीनं तिला हाताला धरून अडतीवर नेलं आणि कोल्हापुरात रवा कशाला म्हणतात ते दाखवलं. गुळाची भली थोरली ढेप, दोन माणसांनी उचलायची. त्या दिवसापासून खेळात रवे आले, म्हणजे पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे. ते कापायचं काम राजमतीकडं.

खेळ असा होता. चौघांनी ओळीनं बसायचं. पहिला दुकानदार, दुसरा घाऊक व्यापारी, तिसरा अडत्या, चौथा गुऱ्हाळवाला. गिऱ्हाईक दर आठवड्याला दुकानदाराला एक पत्ता द्यायचं. त्यावर किती रवे हवेत तो आकडा. तो फक्त दुकानदारानं बघायचा. मग दुकानदारानं घाऊकवाल्याला चिठ्ठी लिहायची, त्यानं अडत्याला, अडत्यानं गुऱ्हाळाला. चिठ्ठी पोचायला एक आठवडा, माल यायला आणखी एक. आठवडा म्हणजे दोन मिनिटं. आणि सगळ्यात मोठा नियम, कुणी कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही.

तालीम म्हणून तो एकदा मगदूमांच्या स्वयंपाकघरात खेळून बघितला. तात्या दुकानदार, राजमती घाऊक, शेजारच्या बयाबाई अडत्या, अक्काताई गुऱ्हाळ. चार आठवडे बरे गेले. पाचव्या आठवड्यात मागणी थोडी वाढली आणि तात्यांना वाटलं, सण आला. त्यांनी जरा जास्त मागवलं. राजमतीला वाटलं, तात्यांना काहीतरी ठाऊक असणार, म्हणून तिनं आणखी जास्त मागवलं. बयाबाईंनी तर डोळे मिटून तीस लिहिले. शेवटी अक्काताईच्या मांडीवर पुठ्ठ्यांचा ढीग झाला, आणि ते घ्यायला कुणीच तयार नव्हतं. तीस वर्षं गुळात गेलेले तात्या बयाबाईंवर डाफरले. बयाबाई म्हणाल्या, मला काय बोलताय, तुमच्या लेकीला बोला.

कालिंदीताईनं वहीत सगळे आकडे मांडले. गिऱ्हाइकाची रेघ जवळजवळ सरळ होती. गुऱ्हाळापाशी मात्र तिचा डोंगर झालेला. ती म्हणाली, "असंच होतं. दर वेळी असंच होतं." आणि तिनं मोठा श्वास सोडला.

तो श्वास समाधानाचा होता, पोटभर जेवल्यावर माणूस सोडतो तसा. मधल्या माणसाला खरी मागणी दिसत नाही, म्हणून तो घाबरून भलतंच मागवतो, एवढंच तर तिला दाखवायचं होतं. डोंगर झाला नाही तर धडाच नाही. पण खेळणाऱ्यांना हे आधी सांगायचं नसतं, म्हणून ती राजमतीलाही बोलली नव्हती. आणि राजमतीनं तो श्वास ऐकला आणि तिचं काळीज कळवळलं. बिचारीचा खेळ दर वेळी बिघडतो. समितीपुढं पण बिघडणार. मग शिवणयंत्र.

गुरुवारी कालिंदीताईनं राजमतीला वर्गावर नेलं, कारण समितीपुढं पत्ते वाटायला वर्गाबाहेरचं कुणीतरी हवं होतं. खेळायला चौघे निवडले होते. उद्यमनगरात कारखान्यात असलेला कृष्णात, पेठेत कापडाचं दुकान असलेला अंबादास, हातकणंगल्याहून रेल्वेनं येणारा बापूसो, आणि कोडोलीचा आकाराम, ज्याच्या घरचं गुऱ्हाळ होतं. ताईनं त्यांना नियम सांगितले आणि ती ऑफिसात गेली. राजमती चौघांच्या तावडीत सापडली. म्हणजे कृष्णातला तसं वाटलं.

"शाळा चुकली व्हय, पोरी?" तो म्हणाला.

"शाळा न्हाय चुकली. मी गिऱ्हाईक हाय," राजमती म्हणाली. "गिऱ्हाइकाला असं बोलत्यात व्हय तुमच्या दुकानात?"

अंबादास खराखुरा दुकानदार असल्यानं त्याला ते पटलं. मग तिनं त्यांना सगळं सांगितलं. खेळ दर वेळी बिघडतो, मॅडमची नोकरी जाणार, विषय बंद होणार. चौघांचे चेहरे पडले. मॅडम चांगल्या होत्या, पाळीवरनं उशीर झाला तरी हजेरी लावत होत्या. आकाराम म्हणाला, बिघडंल न्हाय तर काय, अर्धा तास गप बसायचं आमच्यानं व्हणार हाय का? गुऱ्हाळावर गप बसलं तर उकळत्या रसाची काहील उतरंल का? एकमेकांत बोललं तर सगळं सुरळीत होतंय.

"बोलायचं न्हाय असं मॅडम म्हणाल्यात," राजमती म्हणाली. "दाबायचं न्हाय असं कुठं म्हणाल्यात?"

आणि तिनं त्यांना टॉवेलाची विद्या दिली. पूर्वी गुळाच्या सौद्यात घेणारा आणि विकणारा टॉवेलाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून आकडा ठरवायचे, म्हणजे भोवतीच्या शंभर माणसांना काही कळायचं नाही. आता सौदे उघड बोलून होत होते. पण तात्यांच्या बोटांची सवय गेली नव्हती. घरी पावणे आले की तात्या खांद्यावरचा पंचा पुढं करायचे, राजमती त्याखाली हात घालायची, आणि किती कप चहा टाकायचा ते आत कळायचं. पावण्यांना वाटायचं, लेक फार लाडकी दिसते.

एक बोट दाबलं की एक. पंजा दाबला की पाच. पंजा आणि तीन बोटं म्हणजे आठ. दुकानदारानं पत्ता बघायचा, शेजाऱ्याचा हात दाबायचा, त्यानं पुढच्याचा. गुऱ्हाळापर्यंत आकडा चुटकीसरशी. अंबादासनं शंका काढली की हात बाकाखाली असणार, तिथं तसाही कुणाला दिसणार नाही, मग टॉवेल कशाला. राजमतीनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं शंका परत घेतली. टॉवेलाशिवाय हात बोलत न्हाय, ती म्हणाली. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. पण तिनं इतकं ठासून सांगितलं, की रविवारी चौघे चार टॉवेल घेऊन आले.

समिती साडेनवाला आली. अध्यक्ष नृसिंहराव एका साखर कारखान्यात तीस वर्षं खरेदी बघून निवृत्त झालेले. सोबत एक जाड चष्म्याचे प्राध्यापक, आणि तिसरे एक गृहस्थ, जे सगळं लिहून घेत होते. विभागप्रमुख त्यांच्या मागंपुढं करत होते. पुठ्ठ्याचे तुकडे बघून नृसिंहराव म्हणाले, हे काय, भातुकली आहे का. कालिंदीताई म्हणाली, हो, जवळपास. राजमतीला तिचा अभिमान वाटला.

खेळ सुरू झाला. राजमती दर दोन मिनिटांनी दुकानदार झालेल्या कृष्णातपुढं पत्ता सरकवत होती. तो बघून पालथा घालत होता. चिठ्ठ्या जात होत्या, पुठ्ठे येत होते. वर्गात इतकी शांतता होती की बाहेर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं ते ऐकू येत होतं. कालिंदीताई फळ्यावर गुऱ्हाळाच्या मागणीची रेघ काढत होती. चार, चार, चार, चार. पाचव्या आठवड्याला पत्त्यावर आठ आले. कृष्णातच्या खांद्याची किंचित हालचाल झाली. मग अंबादासच्या, मग बापूसोच्या. आकारामनं मान डोलावली आणि आठच रवे केले.

ताईनं आठचा ठिपका दिला आणि ती पुढच्या चिठ्ठीची वाट बघत उभी राहिली. आठ. पुन्हा आठ. मधे साठा थोडा घटला, पण कुणी घाबरलं नाही. दहाव्या आठवड्यालाही आठच. फळ्यावर एक पायरी झाली होती आणि पुढं सरळ, ओटीवरून चालत जावं तशी रेघ. राजमतीला आनंदानं बाकावर बसवेना. एकसुद्धा रवा वाया गेला नव्हता. तिनं ताईकडं बघितलं. ताईचा चेहरा खडूसारखा झाला होता.

"गुळवणीबाई," मागून नृसिंहराव म्हणाले, "सगळं सुरळीतच चाललेलं आहे, तर यात शिकवण्यासारखं काय आहे?"

लिहून घेणाऱ्या गृहस्थांनी तेवढं वाक्य लिहून घेतलं.

कालिंदीताई फळ्यापासून बाकाकडं आली. चिठ्ठ्या तपासायला वाकली, तेव्हा तिला चौघांच्या मांड्यांवर पसरलेले टॉवेल दिसले. पंगतीला बसल्यासारखे. तिनं हळूच विचारलं, हे काय आहे. खेळ चालू होता आणि बोलायला बंदी होती, म्हणून आकारामनं नियम पाळून नुसता टॉवेल उचलून दाखवला. खाली बापूसोचा हात त्याच्या हातात होता.

प्राध्यापकांनी चष्मा काढला. मागच्या बाकांवरून हसू फुटलं. नृसिंहराव उठून पुढं आले आणि त्यांनी वाकून ते दोन हात बघितले. बापूसोनं घाईनं आपला काढून घेतला.

राजमती उभी राहिली. जानेवारीपासून उघडलेलं तोंड आता मिटणार थोडंच होतं. "मी शिकवलं त्यांना, ताई. तुमचा खेळ दर वेळी बिघडायलाय, म्हणून नीट केला."

"अगं राजमती," कालिंदीताई म्हणाली, "तो बिघडायलाच हवा होता."

राजमतीला अक्काताईच्या मांडीवरचा ढीग आठवला, तो मोठा श्वास आठवला, आणि सगळं एकदम कळलं. जमीन दुभंगून पोटात घ्यावं असं नुसतं वाचलं होतं. ते कसं वाटतं ते आता समजलं. नृसिंहराव घड्याळ बघून विभागप्रमुखांना विचारत होते, की चहाची काही व्यवस्था आहे का. म्हणजे झालं. संपलं. शिवणयंत्र.

कालिंदीताई फळ्याकडं बघत होती, त्या सपाट रेघेकडं. तिनं डस्टर उचललं. राजमतीला वाटलं, आता ती सगळं पुसणार. पण तिनं डस्टर बाजूला ठेवलं आणि फळ्याचा उरलेला अर्धा भाग खडूनं आखून घेतला.

"चहा येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं आहेत," ती म्हणाली. "तेवढ्यात समितीनं स्वतः खेळून बघावं, अशी माझी विनंती आहे. टॉवेल न घेता. तीस वर्षांचा अनुभव असल्यावर साहेबांना गुऱ्हाळ सांभाळणं अवघड नाही."

नृसिंहराव नाही कसं म्हणणार? वर्ग बघत होता. ते आकारामच्या जागेवर बसले. प्राध्यापक अडत्या झाले, लिहिणारे गृहस्थ घाऊक व्यापारी झाले, आणि विभागप्रमुखांना दुकानदार व्हावं लागलं. प्राध्यापकांनी विचारलं, मागणी आता बघितली तशीच राहणार काय. कालिंदीताई म्हणाली, गिऱ्हाइकाचा काही नेम नसतो. पत्ते जुळवायच्या निमित्तानं ती राजमतीजवळ आली आणि ओठ न हलवता पुटपुटली, "तेच पत्ते."

राजमतीनं तेच पत्ते हातात घेतले आणि चेहरा असा केला, की जणू ती कोल्हापूरचं सगळ्यात लहरी गिऱ्हाईक आहे.

चार आठवडे नीट गेले. पाचव्याला आठ आले. विभागप्रमुखांनी पत्ता बघितला, भुवया चढवल्या, विचार केला आणि खबरदारी म्हणून चौदा मागवले. लिहिणाऱ्या गृहस्थांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि बावीस लिहिले. प्राध्यापकांनी चष्मा पुसून पस्तीस केले. नृसिंहरावांनी ती चिठ्ठी हातात धरून प्राध्यापकांकडं असं बघितलं, की जणू त्यांनी आपली काहीतरी खोड काढली आहे. पण बोलायची बंदी होती. नृसिंहरावांनी रागारागानं बावन्न रवे करायला घेतले. पुढच्या आठवड्यांत तर मजाच झाली. माल उशिरा येतोय म्हणून प्रत्येकानं आणखी मागवला, मग सगळा एकदम आला, मग कुणी काहीच मागवेना. नृसिंहरावांपुढं पुठ्ठ्यांचा इतका ढीग झाला, की आकारामनं मागून येऊन दोन हातांनी तो सावरून धरला. कोडोलीच्या गुऱ्हाळवाल्याला दुसऱ्या गुऱ्हाळाची अशी दशा बघवत नव्हती.

खेळ थांबल्यावर तोंडं सुटली. नृसिंहराव म्हणाले, अडत्यानं घात केला. प्राध्यापक म्हणाले, मला मागून जे आलं ते मी पुढं दिलं. लिहिणारे गृहस्थ पहिल्यांदाच बोलले आणि म्हणाले, सगळा दोष दुकानदाराचा. विभागप्रमुखांनी राजमतीकडं बोट केलं. ही मुलगी एकाएकी दुप्पट मागायला लागली, पुढं आणखी किती मागेल कुणास ठाऊक, असल्या गिऱ्हाइकापुढं माणूस काय करणार?

राजमतीनं पत्ते एकेक करून टेबलावर उघडे मांडले. चार वेळा चार. मग आठ, आठ, आठ, शेवटपर्यंत आठ.

कालिंदीताईनं फळ्यावरच्या दोन रेघा दाखवल्या. डावीकडं सपाट, उजवीकडं पन्हाळ्याएवढा डोंगर. "पत्ते दोन्ही वेळी तेच होते," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाला लागलेला गूळही तेवढाच. मधे फक्त टॉवेल नव्हता." मग ती वर्गाकडं वळली आणि पुढचा पाऊण तास तिनं जे शिकवलं, ते तिच्या वहीत लिहिलेलंच नव्हतं. गिऱ्हाईक काय मागतंय हे शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचं कसं, आणि पोचत नसेल तर कुणाचं काय अडतं. कृष्णातनं कारखान्यातलं सांगितलं, अंबादासनं दुकानातलं. नृसिंहराव मधेच म्हणाले की त्यांच्या कारखान्यात एकदा पोत्यांचं असंच झालं होतं, आणि मग दहा मिनिटं ते थांबलेच नाहीत. चहा निवून गेला.

घरी येताना कालिंदीताई एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी राजमतीनं माडीवर जाऊन सांगितलं, की मी पुन्हा कुणाला काही शिकवणार न्हाय. कालिंदीताई म्हणाली, असलं वचन देऊ नकोस, पाळता येणार नाही तुला. शिकव, पण आधी मला विचार. मग तिनं राजमतीपुढं हात धरला आणि आठ कसे दाबतात ते दाखवायला सांगितलं. दोघींच्या हातांवर पदर ओढून घेतला, कारण टॉवेल नव्हता.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाकीट आलं. कालिंदीताईनं ते उघडलं, वाचलं आणि राजमतीच्या हातात दिलं. नेमणूक कायम. विषय चालू. पुण्याला ती त्याच संध्याकाळी पत्र लिहिणार होती. अक्काताईनं तिथल्या तिथं शिऱ्याला रवा काढला, उपम्याचा. तात्या म्हणाले, गूळ घालून कर, गुळवणीबाई आता आमच्यातल्या झाल्यात.

राजमती मात्र पत्राच्या शेवटच्या ओळीपाशी अडकली होती. तिथं लिहिलं होतं, की यापुढे प्रात्यक्षिकाच्या वेळी कोणत्याही शाळकरी व्यक्तीस वर्गात उपस्थित राहू देऊ नये.

"ताई, हे माझ्याबद्दल हाय?"

"तुझ्याबद्दलच आहे. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट कसलं? राजमतीनं ती ओळ पुन्हा वाचली, मग अक्काताईला वाचून दाखवली, मग जिन्यातनं ओरडून बयाबाईंना. घरात ती पोर होती, शाळेत एकोणतिसावा नंबर होती, आणि गल्लीत अडत्याची लेक. इथं शिक्का मारलेल्या कागदावर, टाइप केलेल्या अक्षरात, तिला चक्क व्यक्ती म्हटलं होतं.